मदत हवी आहे: नातीचा जन्म दुबईत, नोंदणीचा अर्ज परत आला (खानापूर)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. मोबाईलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

थोरला मुलगा दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. सून चंदगडकडची. म्हणजे पोरीचं आजोळ महाराष्ट्रात, घर कर्नाटकात आणि जन्म अमिरातीत. आज तिला 72 दिवस झाले. बारसं व्हिडिओ कॉलवर केलं. इथं रिकामा पाळणा हलवला, शेजारणींनी पाळणे म्हटले, घुगऱ्या वाटल्या. नाव सांगायच्या ऐन वेळी नेटवर्क गेलं. तिकडं म्हणे नुसता माझ्या बहिणीचा पदर दिसत होता.

आता अडचण. तिथल्या सरकारचा जन्मदाखला मिळालाय, अरबी आणि इंग्रजीत. (अरबीत 'प' नाही, त्यामुळं आम्ही पाटील तिथं 'बातील' झालोय. ते चालतं म्हणे.) पण आपल्या कॉन्सुलेटमध्ये जन्मनोंद आणि पासपोर्टसाठी दिलेले कागद खिडकीवरून परत आले. मुलाच्या लग्नाचा नोंदणी दाखला कानडीत आहे. त्याचं इंग्रजी करणाऱ्यानं पाटीलच्या 'टी'ला दीर्घ समजून दोन 'ई' घातले. पासपोर्टात तिथं एकच 'आय' आहे. शिवाय पासपोर्टवर जिल्हा 'बेलगाम' आणि दाखल्यावर 'बेळगावी'. खिडकीवरच्या पोराला ही दोन वेगळी गावं वाटली. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं नाव बदललं हे त्याला कुठून ठाऊक असणार? आणि आमच्याकडं त्या तारखेचा विषय निघाला की चहा गार होतो, तेव्हा तो इथं नको.

घाई अशी की जन्मापासून 120 दिवसांत पोरीचा तिथला व्हिसा झाला पाहिजे, नाहीतर दंड. आणि पासपोर्टाशिवाय व्हिसा नाही.

परवा स्टँडजवळ एकजण भेटला. कागदांचीच कामं करतो. म्हणाला, "गुरुजी, एवढी कटकट कशाला? घरीच बाळंत झाली म्हणून इथं नोंद घालू. पंधरा हजार." मी म्हटलं, सून त्या दिवशी दुबईच्या दवाखान्यात होती. तर म्हणतो, "कागदाला दुबई कळत नाही." मी उठून आलो. पण घरी मंडळी रात्रभर म्हणत होत्या, काम तरी झालं असतं.

आडनावाचं काय करायचं? आणि तिकडं नोंद झाली तरी आमच्या गावच्या दप्तरात वेगळी घालावी लागते का? उद्या शाळेत, आधारला कुठला दाखला दाखवायचा? हिचा हट्ट आहे की नातीचं नाव गावातच चढलं पाहिजे.

निपाणीचा जावई:
गुरुजी, त्या पंधरा हजारवाल्याच्या वाटेला पुन्हा जाऊ नका. एक तर तो सरळ गुन्हा आहे. शिवाय त्या कागदाचा उपयोग काय? कागद खानापुरात आणि पोर दुबईत, तिला विमानात कशावर बसवणार? सूनबाई त्या दिवशी कुठं होत्या ते विमानतळाच्या नोंदीत आहेच.

आडनावाचा घोळ आमच्या मेहुण्याचाही झाला होता, त्यांच्यात 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा. त्यांनी भाषांतर नव्यानं करून घेतलं. भाषांतरकाराच्या हातात आधी पासपोर्टची झेरॉक्स द्या आणि सांगा, नावं यातली जशीच्या तशी उतरवा. सोबत दोन्ही स्पेलिंगचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र जोडलं. गावाच्या नावासाठी नामांतराच्या सरकारी अधिसूचनेची प्रत लावा, वाद घालत बसू नका. त्या पोराला फक्त फाईलला लावायला कागद हवा असतो.

बेळगावची वकील:
गुरुजी, 120 दिवस ही तिथल्या व्हिसाची मुदत. आपल्या कायद्याची वेगळी आहे. नागरिकत्व कायदा 1955, कलम 4. 3 डिसेंबर 2004 पासून परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद कॉन्सुलेटमध्ये एका वर्षाच्या आत झाली पाहिजे. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. बाळाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. तुमच्याकडं तो प्रश्नच नाही, तिथं जन्मली म्हणून अमिराती कुणाला नागरिकत्व देत नाही. म्हणूनच ही नोंद टाळून भागणार नाही, ती नसेल तर पोर कुठल्याच देशाची राहणार नाही.

आता काकूंचा हट्ट. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969, कलम 20. कॉन्सुलेटमधली नोंद याच कायद्याखाली झाली असं धरलं जातं. गावात दुसरी घालायची गरज नाही. त्याच कलमात आणखी एक वाट आहे: तिकडं नोंद झालीच नाही आणि कुटुंब कायमचं राहायला परतलं, तर भारतात आल्यापासून 60 दिवसांत इथं नोंद करता येते. तुमचा मुलगा परतत नाहीये, तेव्हा ती वाट तुमची नाही.

एक मात्र बघा. पासपोर्ट हातात आला की लोक नोंदीचा दाखला घ्यायचा विसरतात. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा धरायचा असा बदल कायद्यात झालाय. तो दाखला मागून घ्या, आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. पुढं त्यावर शिक्का मारायची वेळ आली तर मारता येत नाही. माझ्याकडं असे चकचकीत निरुपयोगी दाखले घेऊन महिन्याला दोघंतिघं येतात.

(मूळ प्रश्नकर्ता)
वकील ताई, जावईबापू, उपकार झाले. कलम 20 चं हिला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, "त्यात गावाचं नाव असतंय काय?" आईवडिलांचा पत्ता असेल, असं सांगून वेळ मारून नेली.

मुलानं नवीन भाषांतर करून घेतलं, आज फोटो पाठवला. मी चष्मा लावून एकेक अक्षर तपासलं. आडनाव बरोबर. सुनेचं नाव बरोबर. बेळगाव पासपोर्टात आहे तसंच. पण खानापूरमधला 'एच' गाळून त्यानं 'कानापूर' करून ठेवलंय. ते तसंच परत पाठवलं. खिडकी आता सोमवारी उघडेल, त्या दिवशी 76 वा.