वडिलांच्या दुनळी बंदुकीविषयी शंका

प्रश्न (महाल, नागपूर):
वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक रीतसर परवाना होऊन नुकतीच माझ्याकडे आली आहे. ती अडकित्त्यासारखी मध्ये दुमडते. बाहेरून घोडे दिसत नाहीत. एरवी ती सहज उघडते, परंतु रिकामी असताना चाप ओढून पाहिल्यावर मात्र उघडायला बराच जोर लागतो. हा बिघाड समजावा काय?

उत्तर १ (धरमपेठ):
बिघाड नाही. आपल्या बंदुकीचे घोडे आत दडलेले आहेत. वरची कळ अंगठ्याने उजवीकडे सरकवली की नळ्यांखालचा खटका सुटतो, नळ्या बिजागरीच्या खिळीवर पुढे झुकतात आणि झुकता झुकता आतल्या तरफांमार्फत घोड्यांच्या स्प्रिंगा दाबून ते चढवतात. चाप ओढल्यावर घोडे पडलेले असतात, म्हणून पुढच्या वेळी उघडताना आपला हात त्या स्प्रिंगांशी झुंजतो. ही रचना १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली यांनी रूढ केली. मात्र रिकाम्या नळीवर चाप ओढू नये, त्याने काडतुसाच्या बुडावर आघात करणारी टोचणी मोडू शकते. त्यासाठी स्प्रिंग असलेली नकली काडतुसे मिळतात. पुढची लाकडी मूठ काढून बंद बंदूक हलक्या हाताने हलवून पाहावी. नळ्या खडखडल्या, तर सांधा झिजला आहे, आणि कारागिराने तो कसल्याशिवाय तिच्यातून बार काढू नये.

उत्तर २ (काटोल):
एक भर घालतो. बंदूक हाती घेताच, ती कोणीही 'रिकामी आहे' म्हणून दिली तरी, तोंड जमिनीकडे ठेवून उघडावी आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहावा. आमच्या शेतघरी वर्षभर टांगून ठेवलेल्या एकनळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. तशीच झाडली असती तर नळी फुटली असती. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या काडतुसांत कधीही मिसळू देऊ नये, कारण ते बारीक असल्याने नळीत पुढे घसरून अडकते, मागची जागा रिकामी दिसते, आणि त्यामागे बाराचे भरून झाडले की स्फोट होतो. बंद करताना सिनेमातल्यासारखा मनगटाचा झटका देऊ नये. नळ्या खालीच रोखून दस्ता वर आणावा. चाप ओढूनही बार न निघाल्यास निदान ३० सेकंद तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबावे, मगच उघडावी. सेफ्टीवर विसंबू नये, कारण बऱ्याच दुनळ्यांत ती फक्त चाप अडवते, चढलेला घोडा नव्हे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. नकली काडतुसे मागवतो. तूर्त बंदूक कुलूपबंद कपाटात आहे. कपाट कूलरच्या खोलीत आहे.

उत्तर १:
तेवढे कपाट हलवा. मे महिन्यात आपण कूलरसमोर बसतो ते सुखाने, परंतु त्या ओल्या हवेत नळ्यांना गंज चढतो. शिवाय जुन्या नळ्यांत काडतूस बसते ते घर अनेकदा ६५ मिलिमीटरचे असते आणि आजची काडतुसे बहुधा ७० ची; तेव्हा पहिले काडतूस घेण्यापूर्वी कारागिराकडून माप घ्यावे.