लॅटिनमध्ये 'तो वारला' हे कसे म्हणत?

लिपिवेडा:
रोमन थडग्यांवरील लेख वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. मृताचे नाव येते, त्यापुढे 'वीक्सित आन्नीस', म्हणजे 'इतकी वर्षे जगला', आणि मग आकडा. 'मोर्तुउस एस्त', म्हणजे 'मेला', हे शब्द मात्र फारसे आढळत नाहीत. रोमन लोक हा शब्द टाळत असत, की ही केवळ दगडावरची रीत होती?

शब्दयात्री:
अशुभ म्हणून टाळत असत. इ.स.पू. 63 मध्ये रोमची सत्ता उलथवू पाहणाऱ्या कातिलिनाच्या कटातील पाच जणांना रोमच्या तुल्लियानुम या तळघरात गळा आवळून मारल्यावर, बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या त्यांच्या साथीदारांना सर्वोच्च अधिकारपदावर, म्हणजे कॉन्सुलपदी, असलेल्या किकेरोने (आपण त्याला सिसरो म्हणतो) 'ते जगले' एवढेच ऐकवले. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क हा प्रसंग सांगताना, अशुभ शब्द नको म्हणून रोमन असे बोलतात, असा खुलासाही करतो. लॅटिनमधील ते पूर्ण भूतकाळाचे रूप मराठीत आणायचे, तर मी 'त्यांचे जगून झाले' असे म्हणेन.

मूळाक्षर:
वरील उत्तराला थोडी मर्यादा घालावीशी वाटते, कारण 'मोरी' हे क्रियापद साहित्यात सर्रास येते. 'मोरितुर' म्हणजे 'तो मरतो', आणि त्याचे सख्खे भावंड आहे संस्कृतातील 'म्रियते'. लॅटिन रूप दिसायला कर्मणी असूनही अर्थाने कर्तरी आहे, तर 'म्रियते' आत्मनेपदी आहे; दोघांचा धातू एकच.

सौम्य शब्दही पुष्कळ होते. 'देकेदेरे' म्हणजे निघून जाणे. प्रांताचा कारभार संपवून परतणाऱ्या अधिकाऱ्यासाठीही हेच क्रियापद वापरत, त्यामुळे मला आपले 'निवर्तले' आठवते. 'ओबीरे' म्हणजे आपल्या अखेरच्या दिवसाला सामोरे जाणे. 'ओक्किदेरे' सूर्यासाठीही आणि माणसासाठीही वापरत, आणि रोमन कवी कातुल्लुसने त्यावरच कविता उभी केली: सूर्य मावळतात आणि परत येतात, आपला अल्प प्रकाश मात्र एकदा मावळला की एकच अखंड रात्र झोपायची असते. मला सर्वांत भिडतो तो 'आद प्लूरेस' हा प्रयोग, 'जिकडे जास्त लोक आहेत तिकडे गेला'.

लिपिवेडा:
दोघांचेही मनापासून आभार. 'जगून झाले' हे वाचल्यावर लहान मुलांचे लेख पुन्हा काढून पाहिले. तेथे वर्षांपाठोपाठ महिने, दिवस आणि काही ठिकाणी तासही कोरलेले आहेत.