रोझेशिया आहे म्हणाले डॉक्टर. पण पोळ्या कशा करायच्या?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. रोझेशिया म्हणजे चेहऱ्यावर लाली आणणारा त्वचेचा आजार.

वय ४४, नाशिकला शाळेत शिकवते. गेल्या वर्षापासून नाक, गाल आणि हनुवटी एकदम तापतात, आग होते, चुरचुरतं, आणि मग हळूहळू उतरतं. मधूनच बारीक पुटकुळ्या येतात. वर्ण सावळा, त्यामुळे लाली कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. सासूबाईंच्या मते पित्त, म्हणून गुलकंद आणि सब्जा सुरू. स्टाफरूमच्या मते पिंपल्स, "या वयात?"सकट.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काचेची पट्टी गालावर दाबली. दाबल्या जागी रंग फिका पडला, काच उचलली की परत गडद. मग भिंगातून बारीक फुगलेल्या रक्तवाहिन्या दाखवल्या. ब्लॅकहेड नाहीत म्हणून साधे पिंपल्स नव्हेत, म्हणाले. मेट्रोनिडाझोल जेल दोन वेळा आणि सनस्क्रीन लिहून दिलं. बाहेर एवढी गर्दी होती की बाकीचं विचारायचं राहिलंच.

सकाळी तव्यासमोर उभी राहिले की डबे भरेपर्यंत चेहरा पेटलेला असतो. पंखा लावावा तर गॅसची ज्योत फडफडते. चहा सोडायचाच का? सनस्क्रीन लावलं की झोंबतं, ते कशामुळे? आणि हे कधी पूर्ण जातं का?

हळद-चंदनाचे लेप कृपया सुचवू नका, घरात त्या खात्याचे तज्ज्ञ आहेत.

---

गवतीचहा: माझ्या नवऱ्याला आहे हे. चहा सोडू नका, निवू द्या. बऱ्याच जणांना चहापेक्षा त्याचा गरमपणा बाधतो. तिखटाचं मात्र प्रत्येकाचं वेगळं. ह्याला मिसळ चालत नाही, लोणचं बिनधास्त चालतं. काय खाल्लं, उन्हात किती होतात, कशाचं टेन्शन होतं हे थोडे दिवस वहीत लिहा, उगाच सगळं बंद करू नका. पोळ्यांसाठी इंडक्शन घेतलं आम्ही. तवा तापतोच, पण ज्वाळेची झळ तोंडावर येत नाही. मानेवर ओला गार नॅपकिन ठेवायचा, मध्ये मध्ये गार पाण्याचा घोट घ्यायचा. आणि भाजायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला दिलं तर सर्वात उत्तम, ह्याला लाटता येत नाही पण भाजतो छान.

खलबत्ता: मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. झोंबतंय कारण अशा त्वचेचं बाहेरचं कवच कमकुवत झालेलं असतं. सनस्क्रीन झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, बिनसुगंधी, एसपीएफ ३० किंवा जास्त असं मागा. सावळ्या चेहऱ्यावर ते पांढरट दिसतं, म्हणून टिंटेड घ्या. साबणाऐवजी सौम्य फेसवॉश, पाणी कोमट, आणि चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावरच जेल. स्क्रब, वाफ, ब्लीच, पार्लरचं फेशियल सगळं बंद. जेलचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आठवड्याभरात कंटाळून सोडू नका. पुटकुळ्या हटल्या नाहीत तर डॉक्टर १ टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम, ॲझेलिक ॲसिड किंवा कमी डोसची डॉक्सिसायक्लिन देतात. पण नुसत्या लालीवर आणि फुगलेल्या रक्तवाहिन्यांवर यांचा फारसा उपयोग नाही, तिथे लेझर लागतो. सावळ्या त्वचेवर तो अनुभवी हातांनीच करावा, नाहीतर डाग पडतात. पूर्ण जातं का? आटोक्यात राहतं, मधूनमधून डोकं वर काढतं.

आता काउंटरवरून रोज दिसणारी गोष्ट. कुणी बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असलेली ट्यूब "लगेच गार पडतं" म्हणून दिली तर घेऊ नका. सुरुवातीला खरंच गार पडतं, पण स्टेरॉइडने हाच आजार भडकतो, आणि पुष्कळ दिवस लावून एकदम थांबवलं की चेहरा आणखी पेटतो. आधीच कुणी लावत असेल तर डॉक्टरांना विचारूनच सोडावी.

भरतीओहोटी: बीपीची गोळी चालू आहे का? ॲम्लोडिपिनने काहींचा चेहरा तापतो. स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. पाळी जायच्या वयातल्या गरम वाफाही असतात, पण त्यात मान-छाती तापते, घाम फुटतो, पुटकुळ्या येत नाहीत. आणि डोळे कसे आहेत? रोझेशिया डोळ्यांतही उतरतो.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. बीपीची गोळी नाही. पण डोळ्यांचं वाचून दचकले. सकाळी वाळू गेल्यासारखे खुपतात, पापण्यांच्या कडा सुजतात. मी वह्या तपासण्याच्या माथी मारत होते. स्किनच्या डॉक्टरांना दाखवू की डोळ्यांच्या?

भरतीओहोटी: दोघांना, आधी डोळ्यांच्या. रोझेशियाचं निदान झालंय हे आपणहून सांगा, नाहीतर ॲलर्जीचे थेंब देऊन पाठवतील. ते बहुधा पापण्यांना कोमट शेक सांगतील. तो घडी घातलेल्या छोट्या फडक्याने फक्त मिटलेल्या पापण्यांवर द्या, गालांवर येऊ देऊ नका. उजेड सहन होत नसेल, दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी जा.