‘बोरीबंदर’ म्हणजे कचरा नाही: पुनर्निर्देशनं काढायच्या यादीबद्दल

शीवकरीण:
काल मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे चर्चेच्या पानावर, स्वच्छता मोहिमेची पोस्ट पडली. मुंबईतल्या ठिकाणांची जुनी, अशुद्ध आणि बोलीतली पुनर्निर्देशनं काढून टाका, एका लेखाला एक नाव पुरे, ती लेखांचा आकडा फुगवायला केलीत, आणि त्यांना वर्ग (पानाचा प्रकार सांगणारी खूण) लावत बसणं हा रिकामपणाचा उद्योग आहे, असं त्यात म्हटलंय. खाली यादी दिलीय, तिच्यात बोरीबंदर, व्ही.टी., एल्फिन्स्टन रोड, राणीचा बाग सगळी आहेत. मी ती रात्री दोनदा वाचली आणि डोकं तापलं, म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

पुनर्निर्देशन किंवा रिडायरेक्ट म्हणजे एका नावाने शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाच्या लेखावर नेणारी एक ओळ असते. लेखांच्या आकड्यात तो धरलाही जात नाही, मग आकडा फुगवायला केलेत हा आरोप कुठून आला? एल्फिन्स्टन रोडचंच घ्या. २९ सप्टेंबर २०१७ ला तिथल्या पुलावर चेंगराचेंगरी झाली तेव्हा स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोडच होतं, प्रभादेवी झालं २०१८ मध्ये. त्या दिवसाच्या सगळ्या बातम्या जुन्या नावाने आहेत. उद्या एखादी पोर ते कात्रण घेऊन शोधायला आली आणि तिला ‘असे पान नाही’ दिसलं तर? जिथे माणसं गेली त्या जागेचं तेव्हाचं नाव पुसून टाकायचं आणि त्याला स्वच्छता म्हणायचं, हे मला पटत नाही.

आता वर्गीकरण. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या लेखावर बोरीबंदर येतं ते लोकांच्या तोंडचं नाव म्हणून, व्हिक्टोरिया टर्मिनस येतं १९९६ पर्यंतचं अधिकृत नाव म्हणून, ‘महाराज’ नसलेलं छत्रपती शिवाजी टर्मिनस २०१७ पर्यंतचं म्हणून, आणि सीएसएमटी हे लघुरूप. चारही एकाच दारात येतात पण चौघांची कारणं वेगळी. पुनर्निर्देशनाच्या ओळीखाली एक वर्ग टाकला की ते कारण नोंदलं जातं. तो टाकला नाही तर पाच वर्षांनी येणाऱ्याला सगळं सारखंच दिसणार, आणि तोही अशीच यादी करणार.

लालदुवा:
यादी माझी आहे. तुम्ही रात्रभर तापलात पण ही पानं सांभाळतं कोण हे विचारलं नाहीत. नियमित काम करणारी माणसं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लेख एकदा नव्या नावावर हलवला की जुन्या नावाचं पुनर्निर्देशन आपोआप मागे राहतं, परत हलवला की आणखी एक. व्ही.टी. जातंय छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, ते जातंय महाराज टर्मिनसवर, आणि सॉफ्टवेअर एकच पाऊल चालतं, वाचक मधल्या पानावर अडकतो. ही दुहेरी पुनर्निर्देशनं गेली कित्येक वर्षं मी सोडवतोय, तुम्ही नाही.

दुसरं, लाल दुवा दिसला की लेख नाही हे कळतं आणि कोणीतरी लिहायला बसतं. निळा दिसला की लोक निश्चिंत. फ्लोरा फाउंटन उघडा, थेट हुतात्मा चौकावर जाता. कारंजं १८६४ चं, ते वेगळं. संयुक्त महाराष्ट्राचं स्मारक वेगळं, २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार वेगळा. कारंज्यावर स्वतंत्र लेख नाही आणि तुमच्या त्या एका ओळीमुळे तो नाही हे कुणाला दिसतही नाही.

सांगकाम्या_चालक:
दुहेरी पुनर्निर्देशनं हा माणसाने करायचा विषयच नाही, सांगकाम्या (आपोआप दुरुस्त्या करणारा प्रोग्राम, बॉट) ती रात्रीतून सरळ करतो. माझं दुखणं वेगळं आहे आणि ते दोघांनीही काढलेलं नाही. ॲन्टॉप हिल. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, ‘ॲ’ ला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, मग वरची चंद्रकोर असं टाइप करायचे आणि जुने कीबोर्ड आजही तेच करतात. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब एकच. मी दोन्ही शीर्षकं एकाखाली एक ठेवून झूम करून बघितली, एका रेषेचाही फरक नाही, तरी एक दुवा निळा आणि दुसरा लाल. ‘वऱ्हाड’ मधल्या र चं तेच. हे पुनर्निर्देशन ‘अशुद्ध’ म्हणून काढलंत तर टाइप करणाऱ्याला आपलं काय चुकलं हे मरेपर्यंत कळणार नाही, कारण त्याचं काही चुकलेलंच नसतं. यांना स्वतंत्र वर्ग हवा, म्हणजे मला सांगकाम्याने एका झटक्यात तपासता येतील. इंग्रजी विकिपीडियावर चुकीच्या स्पेलिंगसाठी, पर्यायी नावासाठी, जुन्या नावासाठी असे वेगवेगळे साचे कधीचे आहेत.

परळचे_काका:
यादीत ‘सायन’ का नाही? मुख्य लेख शीव आहे ते योग्यच, पण सायन हे पुनर्निर्देशन तरी कशाला? शीव म्हणजे हद्द, मुंबई बेट तिथे संपायचं आणि पलीकडे साष्टी. इंग्रजीत त्याचं सायन झालं. आपणच ते जपायचं?

खाडीकाठ:
काका, आदर ठेवून सांगतो, धारावीत जन्म गेला माझा, आयुष्यात कोणाला ‘मी शीवला जातो’ म्हणताना ऐकलं नाही. स्टेशनवर इंग्रजीत सायन, तिकीट मागताना सायन, रिक्षावाल्याला सायन सर्कल, तो १९१२ चा पूल २०२४ मध्ये पाडायला बंद केला तेव्हा आमची सगळ्यांची फरफट झाली ती ‘सायनचा पूल’ म्हणून. उलट मुख्य लेखच सायन नावाने हवा, शीव तिकडे वळवा.

परळचे_काका:
तुम्ही ऐकलं नाही म्हणजे नाव नव्हतं का? आमच्या आईने मरेपर्यंत शीवच म्हटलं. भायखळ्याला बायकुला म्हणायचं, वांद्र्याला बांद्रा, शिवडीला सेवरी, असंच चालू ठेवा आणि उद्या मुंबईचा लेख पण बॉम्बेवर हलवा.

खाडीकाठ:
आईला मध्ये आणू नका, माझीही आई आहे आणि ती सायन म्हणते आणि ती पण मराठीच आहे. प्रत्येक वेळी आम्हालाच मराठी कमी पडतं असं का सुचवता? बॉम्बेचं म्हणाल तर उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावात अजून बॉम्बे आहे, आयआयटी पण बॉम्बेच, ते कोण शोधणार नाही का?

लालदुवा:
धागा पुनर्निर्देशनांचा आहे, स्टेशनच्या पाट्यांचा नाही.

गिरगाव_लोकल:
पाट्यांचाच आहे! २०२४ ला विधिमंडळात ठराव झाला, करी रोडचं लालबाग, चर्नी रोडचं गिरगाव, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, आणि बातमी आली त्याच संध्याकाळी कोणीतरी लेख हलवायला लागला. ठरावाने स्टेशनचं नाव बदलत नाही, केंद्राची मंजुरी लागते. मी गिरगावची, चर्नी रोडचं गिरगाव झालेलं मला सगळ्यात आवडेल, पण गिरगाव हा वस्तीचा लेख आहे, त्याच्यावर स्टेशनचं रिडायरेक्ट टाकलंत तर निःसंदिग्धीकरण, म्हणजे वस्ती कोणती आणि स्टेशन कोणतं हे वेगळं करणं, कोण करणार? तीन दिवस मी तेच निस्तरत होते.

शीवकरीण:
काका आणि खाडीकाठ, दोघांनी हे वाचा. माझे मामा साताऱ्याहून आले होते, मामीला दाखल केलं होतं. हातात चिठ्ठी, तिच्यावर कोणीतरी नीट अक्षरात ‘लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालय’ लिहून दिलेलं. दादरला उतरून त्यांनी तीन जणांना चिठ्ठी दाखवली, तिघांनी मान हलवली. चौथ्या बाईने वाचून सांगितलं, अहो हे सायन हॉस्पिटल, असं विचारा ना. अर्धा तास गेला. चिठ्ठीवरचं नाव शंभर टक्के बरोबर होतं. ती चौथी बाई आठवली की मला वाटतं रिडायरेक्टचं काम तेच आहे. कोणतं नाव शुद्ध हे तो ठरवत नाही, तुम्ही जे म्हणता त्यावरून जागेवर पोचवतो. मी स्वतः शीवच लिहिते, माझं नावच बघा, तरी सायन काढायला मी देणार नाही.

आणि शुद्धलेखनाची पुनर्निर्देशनंही डोळे मिटून करायची नसतात हे मान्य. ‘शिव’ हे ‘शीव’ कडे वळवता येत नाही, तिथे महादेव बसलाय.

परळचे_काका:
मामांचं वाचून वाईट वाटलं. सायन राहू द्या. पण त्याला ‘इंग्रजी वळणाचं नाव’ असा वर्ग लागलाच पाहिजे, त्याशिवाय मी ऐकणार नाही.

खाडीकाठ:
‘प्रचलित नाव’ लावा. इंग्रजी वळण वगैरे नको.

सांगकाम्या_चालक:
एका पानाला दोन वर्ग लागतात. दोन्ही लावा.

लालदुवा:
ठीक आहे. बोरीबंदर, व्ही.टी., एल्फिन्स्टन रोड यादीतून काढतो. एल्फिन्स्टनचं मी विचारात घेतलं नव्हतं हे कबूल, २०१७ च्या लेखातले दुवेच लाल झाले असते. युनेस्कोच्या यादीत २००४ ची नोंदही पूर्वीचं व्हिक्टोरिया टर्मिनस असा उल्लेख करून आहे, तेव्हा ते पण राहील. पण ‘राणीचा बाग’ आणि ‘राणीची बाग’ दोन्ही कशाला ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

शीवकरीण:
कारण अर्धी मुंबई बागेला पुल्लिंगी म्हणते आणि अर्धी स्त्रीलिंगी. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं म्हणून कोणी पोराला पेंग्विन दाखवायला नेत नाही हो.

लालदुवा:
ठेवतो. पण फ्लोरा फाउंटनवर मी मागे हटणार नाही. त्याला आत्ता ‘स्वतंत्र लेख होऊ शकतो’ हा वर्ग लावलाय. म्हणजे तुमचं वर्गीकरण मी वापरलं, लिहून ठेवा. आता तो लेख लिहायचा कोणी? एवढे सगळे इथे भांडायला वेळ काढता.

गिरगाव_लोकल:
मी लिहिते. रविवारी सकाळी गर्दी नसते तेव्हा जाऊन फोटो काढते, चारही बाजूंनी. तोवर ते रिडायरेक्ट कोणी हलवू नका.

खाडीकाठ:
आणि करी रोड परत करी रोडवर आणलंय का कोणी? मी आत्ता बघितलं, अजून लालबागच दिसतंय.