न्यूस्टेडचा ओक आणि बापलेकांतला लाकडाचा तंटा (कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा)

नॉटिंगहॅमची ताई:
न्यूस्टेड ॲबी या बायरन घराण्याच्या जुन्या वाड्याचे फोटो टाकले तेव्हा दादाने विचारले होते की, फाटकापाशी तो जुना ओक एकटाच कसा उरला. इथे सांगतात ती हकिकत अशी की, पाचव्या लॉर्ड बायरन यांच्या मुलाने वडिलांच्या मनाविरुद्ध चुलत बहिणीशी पळून जाऊन लग्न केले, आणि त्याच्या हाती उजाड जमिनीखेरीज काही लागू नये म्हणून वडिलांनी इस्टेटीवरची झाडे तोडून विकली आणि हरणांचे कळप मारले. हा पिलग्रिम ओक तेवढा गावकऱ्यांनी वाचवला म्हणे. पुढे मुलगा 1776 मध्ये वारला, नातू 1794 मध्ये कॉर्सिकातल्या कॅल्व्हीच्या वेढ्यात मारला गेला, आणि 1798 मध्ये लॉर्डसाहेब गेले तेव्हा ती लुटलेली इस्टेट त्यांच्या दहा वर्षांच्या चुलत नातवाकडे, म्हणजे पुढे कवी झालेल्या बायरनकडे आली. ज्या पोराचा या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता, त्याच्या पदरात हे पडले, याचे मला फार वाईट वाटते.

दादा:
पण ताई, बाप हयात असेपर्यंत इस्टेट बापाचीच ना? स्वतःची झाडे तोडणाऱ्याला मुलगा कोणत्या हक्काने अडवणार?

नानाकाका:
दादा, गोम नेमकी तिथेच आहे. अशा घराण्यांत जमीन बहुधा कोणा एकाच्या पूर्ण मालकीची नसे. मुलाच्या लग्नाच्या वेळी दस्त होई, आणि त्यात बापाला हयातीपुरता उपभोग व त्याच्या पश्चात मुलाला वारसा असे लिहून ठेवलेले असे. हयातीपुरत्या धन्याने खंड घ्यावा, घरदुरुस्तीला, कुंपणाला, अवजारांना आणि सरपणाला लागेल तेवढे लाकूड घ्यावे, बुंध्याशी छाटल्यावर पुन्हा फुटणारे हेझलचे रान ठरावीक वर्षांनी तोडून विकावे. पण ओक, ॲश आणि एल्म यांची 20 वर्षांवरची झाडे हे मुद्दल, आणि मुद्दलाला त्याने हात लावू नये, असा कायदा होता. बकिंगहॅमशरसारख्या भागात तिथल्या प्रथेने बीचही त्यात धरत.

अर्थात, नासधुशीचा जाब विचारता येणार नाही असे कलम दस्तात घातले की धन्याचे हात मोकळे होत. मात्र तेही पुरतेपणी नव्हे. डरहॅम परगण्यातल्या रॅबी कॅसलचे लॉर्ड बार्नार्ड थोरल्या मुलावर रुसले आणि 200 मजूर लावून त्यांनी थोड्याच दिवसांत किल्ल्याचे शिसे, लोखंड, दारे, फळ्या असा 3,000 पौंडांचा ऐवज उखडून काढला. त्यांच्या दस्तात ते कलम होते, तरीही चॅन्सरी, म्हणजे न्यायबुद्धीने निवाडा करणाऱ्या, न्यायालयाने 1716 मध्ये त्यांना मनाई केली आणि किल्ला पूर्ववत करून द्यायला लावला. त्याच न्यायाने वाड्याच्या शोभेसाठी किंवा आडोशासाठी लावलेल्या झाडांनाही पुढे संरक्षण मिळाले. आपल्याकडे मिताक्षरेप्रमाणे मुलाचा हक्क जन्मानेच उभा राहतो. तिथल्या मुलाला मात्र दस्त आणि चॅन्सरी एवढाच आधार होता.

आत्या:
नाना, बार्नार्डांचा मलाही राग आला. पण सगळेच बाप सूडापोटी कुऱ्हाड चालवत नसतील. छप्पर गळते आहे, मुलींची लग्ने व्हायची आहेत, सावकार दारात उभा आहे आणि हाताशी काय, तर उभे रान. अशा माणसाने शंभर वर्षांचा ओक नुसता बघत बसायचे, हाही अन्यायच नाही का? आणि पक्के झालेले झाड वेळेवर तोडले नाही तर ते आतून पोकळ होते. मग ते बापाच्याही कामाचे नाही आणि लेकाच्याही.

नानाकाका:
तुझे म्हणणे रास्त आहे, आणि 1882 च्या सेटल्ड लँड ॲक्टने, म्हणजे अशा दस्तांतल्या जमिनींच्या कायद्याने, ते मान्यही केले. ज्या धन्याच्या दस्तात नासधुशीचा जाब माफ करणारे कलम नव्हते, त्याला तोडीस आलेली झाडे दस्ताच्या विश्वस्तांच्या संमतीने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने तोडता येऊ लागली, मात्र विक्रीच्या रकमेचे तीन हिस्से मुद्दलात जमा व्हायचे आणि एक हिस्सा त्याला खर्चायला मिळायचा. 1925 च्या कायद्यातही हीच वाटणी ठेवली. मला ही वाटणी फार समंजस वाटते, कारण तीत आजच्या माणसाची गरजही भागते आणि जो अजून कर्ता झालेला नाही त्याचाही वाटा राहतो.

दादा:
आणि वादळाने झाड पडले तर? त्यात तर कोणाचाच दोष नाही.

नानाकाका:
त्यावरही खटले झाले आहेत. 1874 च्या हनीवुड खटल्यात ठरले ते थोडक्यात असे की, पडलेले झाड मुद्दलात मोडणारे असेल तर त्याची किंमत पुढच्या वारसाकडे जाते, आणि वाळलेले किंवा मुद्दलात न मोडणारे असेल तर ते हयातीपुरत्या धन्याचे.

नॉटिंगहॅमची ताई:
काका, आता चित्र बरेच बदलले आहे. 1 जानेवारी 1997 पासून तसे नवे दस्त करताच येत नाहीत. जमीन विश्वस्तांच्या नावे राहते आणि भावंडांचे पटले नाही तर जमिनीच्या विश्वस्तांविषयीच्या 1996 च्या कायद्याच्या कलम 14 खाली न्यायालयात अर्ज करता येतो. शिवाय घरातल्या सगळ्यांचे एकमत झाले तरी कुऱ्हाड लगेच चालवता येत नाही. तीन महिन्यांच्या दर तिमाहीत 5 घनमीटरपर्यंतच लाकूड, आणि त्यातलेही विक्रीसाठी 2 घनमीटरपर्यंतच, विनापरवाना तोडता येते. त्यापुढे सहसा फॉरेस्ट्री कमिशन या सरकारी वनसंस्थेचा परवाना लागतो, आणि एखाद्या झाडावर स्थानिक कौन्सिलचा संरक्षण आदेश असेल तर कौन्सिलची परवानगीही घ्यावी लागते.