झेड-८० ला डॉट मॅट्रिक्स जोडला: पाठवतो ४१३००१, छापतोय ६३३२२३

टॉवेलवाला_सोलापूर

मंडळी, मदत पाहिजे. घरी झेड-८० या जुन्या आठ बिटी प्रोसेसरवर एक कॉम्प्युटर जुळवलाय. ७.३७२८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ३२ के रॅम (६२२५६), प्रोग्रॅम २७सी२५६ एप्रममध्ये (काचेच्या खिडकीची, प्रकाशानं पुसली जाणारी मेमरी), आणि सिरियल पोर्टवर टर्मिनल म्हणून लॅपटॉप. इथपर्यंत झकास चालतं. बाहेरची उपकरणं जोडायची पोर्ट चिप, ८२५५, एका डिप्लोमा कॉलेजच्या भंगारात निघालेल्या ८०८५ ट्रेनर किटवरचा आहे, फ्लॅट केबलही त्याच ढिगातली.

आता प्रिंटर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या ऑफिसात चलनं छापणारा नऊ पिनी एप्सन धूळ खात पडला होता, पॅरलल पोर्टवाला. तो उचलून आणला. ८२५५ च्या पोर्ट ए वर डेटा, पीसी-० (पोर्ट सी चा बिट ०) वर स्ट्रोब, म्हणजे 'बाइट घे' सांगणारी लाइन, पीसी-७ वर प्रिंटरची 'थांब' सांगणारी बिझी. कुठला पोर्ट आत, कुठला बाहेर हे ठरवणारा कंट्रोल वर्ड ८८ हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा). प्रोग्रॅम साधाच: एस्केप आणि ॲट पाठवून प्रिंटर रीसेट करायचा, मग मजकूर.

छापतो की, पण भलतंच! पिनकोड ४१३००१ पाठवला तर ६३३२२३ येतं. पानाच्या सुरुवातीला मी न पाठवलेला इंग्रजी बी. शब्दांमधल्या मोकळ्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह. आणि पहिली ओळ नेहमीच्या रुंदीची, दुसरीपासून अक्षरं एकदम बारीक, चिकटून चिकटून. दर वेळी अगदी हेच.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर चादरीच्या डिझाइनचा ग्राफ मला या मशीनवर छापायचाय. लॅपटॉप समोर असताना हा उद्योग कशाला, असं घरचे विचारतातच. तुम्ही नका विचारू.

धीर_धरा

वेग जास्त होतोय ओ मालक. प्रिंटर म्हातारा, प्रोसेसर सात मेगाहर्ट्झवर पळतोय. स्ट्रोबच्या आधी आणि नंतर डिले लूप टाका. नाहीतर ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून बघा.

रिबनकाका

डिलेनं काही व्हायचं नाही. स्ट्रोब निदान अर्धा मायक्रोसेकंद खाली राहावा लागतो. या क्रिस्टलवर पोर्टवर बाइट टाकणाऱ्या एका आउट सूचनेलाच ११ टी-स्टेट (क्रिस्टलचे ठोके), म्हणजे दीड मायक्रोसेकंद जातो. आणि क्रिस्टल बदलला तर सिरियलचा बॉड रेट बिघडेल, ७.३७२८ ला ६४ ने भागलं की बरोबर १,१५,२०० येतात म्हणून तर तो आकडा निवडतात. शिवाय वेळेचा घोळ असता तर आज एक चूक, उद्या दुसरी. दर वेळी तीच चूक येते म्हणजे काहीतरी पक्कं तुटलंय.

आधी प्रिंटरची झडती घे. लाइन फीडचं बटण दाबून धरून चालू कर, सेल्फ टेस्ट निघेल. ती नीट आली तर हेड आणि रिबन निर्दोष. मग बंद कर, लाइन फीड आणि फॉर्म फीड दोन्ही दाबून पुन्हा चालू कर. याला डेटा डंप म्हणतात. आता जे बाइट येतील ते तो पाळणार नाही, नुसते हेक्समध्ये लिहून काढेल. फक्त पिनकोडची ओळ पाठव आणि निघालेला कागद इथे उतरव.

आणि एप्रमच्या काचेवर चिकटपट्टी लावली आहेस ना? थेट उन्हात तो साधारण आठवड्याभरात पुसला जातो असं डेटाशीटच सांगते. आपल्याकडच्या मे महिन्याचं ऊन त्यांनी धरलं नसावं.

टॉवेलवाला_सोलापूर

सेल्फ टेस्ट एक नंबर, सगळी अक्षरं स्वच्छ. डंप असा आला:

०२ ४२ ३६ ३३ ३३ ३२ ३२ ३३ ०एफ ०ए

पाठवलं होतं:

१बी ४० ३४ ३१ ३३ ३० ३० ३१ ०डी ०ए

रिबनकाका

वा! या कागदावर सगळं आलंय. रोग दोन आहेत, एकमेकांत मिसळलेत.

पहिला. ४ चा कोड ३४, पोचला ३६. १ चा ३१, पोचला ३३. शून्याचा ३०, पोचला ३२. पण ३ चा ३३ तसाच राहिला. म्हणजे दोनच्या किमतीचा बिट, डी-१, कायम एकवर अडकलाय. ज्या अक्षरात तो मुळातच एक आहे ते अक्षर वाचतं. स्पेस २० ची २२ झाली, ते तुझं अवतरणचिन्ह. आणि बारीक अक्षरं? कॅरेज रिटर्न ०डी चा ०एफ झाला, आणि ०एफ म्हणजे एप्सनला कंडेन्स्ड छपाईचा हुकूम. लाइन फीड ०ए मध्ये तो बिट आधीपासून आहे, म्हणून ओळी मात्र व्यवस्थित सुटतात.

प्रिंटरच्या आत प्रत्येक डेटा लाइनला पुल-अप रेझिस्टर असतो, लाइनीला वर, म्हणजे एककडे, ओढून धरणारा. तार तुटली की ती लाइन वरच राहते. डी-१ प्रिंटरच्या छत्तीस पिनी कनेक्टरवर पिन ३ ला आहे, पंचवीस पिनी डी कनेक्टरवरही ३ लाच. पण दाबून बसवलेल्या फ्लॅट केबलमध्ये १ च्या शेजारी १४ येते, मग २, मग १५. त्यामुळे बोर्डावरच्या हेडरला तीच लाइन पिन ५ वर मिळेल. मल्टिमीटर बीपवर ठेव, हेडरची ५ आणि प्रिंटरकडची ३ तपास. बीप येणार नाही, पैज लाव.

दुसरा रोग त्या बीचा. ॲटचा कोड ४०, डी-१ अडकल्यामुळे ४२, म्हणजे बी. पण ॲट मुळात छापलाच का गेला? त्याच्या आधीचा एस्केप पोचला नाही म्हणून. डंपमध्ये १बी कुठेच नाही, उलट तू न पाठवलेला ०२ पहिला बसलाय. ही ८२५५ ची जुनी खोड. कंट्रोल वर्ड लिहिला की त्याच क्षणी त्याचे सगळे आउटपुट शून्य होतात. पीसी-० शून्य झाला म्हणजे स्ट्रोब खाली गेला, आणि पोर्ट ए वरचं शून्य प्रिंटरनं घेतलं (डी-१ मुळे त्याचं ०२ झालं). पुढे तू एस्केप ठेवून स्ट्रोब खाली करतोस, पण तो आधीच खाली! वरून खाली येणारी कड पडतच नाही, एस्केप गेला वाऱ्यावर.

उपाय एका ओळीचा. ८८ लिहिल्यावर लगेच त्याच कंट्रोल पोर्टवर ०१ लिही. त्यानं पीसी-० एक होतो. एक शून्य प्रिंटरला जाईल, ते तो गुमान गिळतो. मग एस्केपपासून सगळं रांगेत.

आणि ८२५५ थेट केबलवर ठेवू नकोस. जुन्या ८२५५ चा पोर्ट जेमतेम १.७ मिलिअँपिअर खाली ओढतो, समोर एक किलोओमचा पुल-अप असला तर ५ लागतात. डेटाच्या आठ लाइनींना एक ७४एलएस२४४ ही जास्त करंट ओढणारी बफर चिप टाक, स्ट्रोबला ७४०७ या तशाच चिपमधला एक गेट पुरे. आज चालतंय म्हणून सोडलंस तर लांब केबलला रडशील.

ताणाबाणा

काकांचं वाचून आमच्या डिपार्टमेंटमधल्या जुन्या प्रिंटरचा डंप काढून बघितला मी.

ग्राफबद्दल थोडं, मी जकार्डच्या (भोकांच्या पत्त्यांवरून नक्षी विणणारा माग) डिझाइनमध्ये आहे. एस्केप के या ग्राफिक मोडला आडवे इंचाला ६० ठिपके पडतात, उभ्या पिना इंचाला ७२. चौकट उंचीला ५, रुंदीला ६ अशा प्रमाणात येते. लोक त्यावर वैतागतात आणि एस्केप स्टार मोड ५ घेतात, त्यात दोन्हीकडे ७२. पण आपल्याला चौरस हवाच असं कुठंय? ग्राफ पेपरच्या चौकटी कापडातल्या ताण्या-बाण्याच्या प्रमाणात आखतात, नाहीतर ग्राफवरचं गोल फूल चादरीवर लांबट उतरतं. तुमचा रीड-पीक (इंचाला ताण्याचे आणि बाण्याचे धागे किती) काय आहे तो आधी बघा, मग मोड ठरवा.

एका धाग्याला एक ठिपका ठेवू नका, पत्ते पंच करणाऱ्याला भिंग घ्यावं लागेल. निदान सहा ठिपक्यांची चौकट करा. मग आडव्या ४८० ठिपक्यांत ८० च धागे बसतात, म्हणून डिझाइन आडवं वळवा. ताण्याचे धागे कागदाच्या लांबीवर मोजले जाऊ द्या, सलग कागदाला अंत नाही.

टॉवेलवाला_सोलापूर

काका, पैज तुम्ही जिंकलात. हेडरच्या पिन ५ ला बीप नाही. केबल दुसरी दाबली, ०१ ची ओळ टाकली, आता ४१३००१ ला ४१३००१ च येतंय आणि बी गायब.

ताणाबाणा, डिझाइन आडवं वळवायचं डोक्यातच आलं नव्हतं. आठ ओळींचा एक पट्टा, ओळींमधलं अंतर ठरवणारा हुकूम एस्केप ३ आणि २४ देऊन छापून बघितला. २४ भागिले २१६ इंच म्हणजे ठिपक्यांच्या बरोबर आठ ओळी, पट्ट्यांमध्ये फट दिसत नाही. आता रीड-पीकवरून चौकट काढतो.

रिबन फिकी पडलीय. या मॉडेलची अजून मिळते का?

रिबनकाका

मिळते की. तीन प्रतींचं चलन एका फटक्यात कार्बनवर दुसरं कोण छापणार? ट्रान्सपोर्टवाले आहेत तोवर रिबन आहे. नवी पेठेत विचार. आख्खी कॅसेट घे, नुसतं रिफिल भरलं की आतली घडी अडकते. प्रिंटर परत कारखान्यात नेणार असशील तर वर कापड टाक. लूमची उडणारी रुई शाईत भिजून हेडच्या तोंडाशी बसते, एखादी पिन अडकते, आणि तुझ्या ग्राफात नेमका एक धागा कोरा जाईल.