सान्शो द बेलिफ: आन्जू पळाली का नाही? (स्पॉयलर आहेत)

चहाबाज:
काल रात्री जपानी दिग्दर्शक मिझोगुचीचा 'सान्शो द बेलिफ' (१९५४) पाहिला आणि झोप उडाली राव. वडील हद्दपार, आई दोन पोरं घेऊन त्यांच्याकडे निघते, वाटेत माणसं विकणारे गाठतात, आई सादो बेटावर आणि पोरं, म्हणजे झुशिओ आणि त्याची बहीण आन्जू, त्या क्रूर कारभारी सान्शोकडे गुलाम म्हणून, इथवर कळलं. पण दहा वर्षांनी झुशिओ पळतो तेव्हा आन्जू मागे राहून तळ्यात का उतरते? तीही पळाली असती की त्याच्याबरोबर.

रातकिडा:
अरे तो एकटा कुठे पळतोय, आजारी बाईला पाठीवर घेऊन पळतोय, मग मागच्यांना कोणीतरी थोपवायला नको का? आणि ती सापडली असती तर हालहाल करून भाऊ कुठे गेला ते वदवून घेतलं असतं, तेवढ्यासाठी जीव दिला पोरीने. छायाचित्रकार मियागावाचा कॅमेरा तिला बुडताना दाखवतच नाही, फक्त पाण्यावरची वलयं. मी तिथे पॉज करून उठलो होतो.

वाचनवेडी:
मूळ कथा मोरी ओगाईची, १९१५ ची. तिच्यात आन्जू मोठी बहीण आहे बरं का, सिनेमात धाकटी केलीय. आणि कथेत शेवटी आईला दिसायला लागतं! मिझोगुचीने ते काढून टाकलं, आई आंधळीच राहते, वडिलांनी मुलाला दिलेली मूर्ती चाचपून त्याला ओळखते. मला हेच पटलं, डोळे आले असते तर नवस फळल्यासारखं वाटलं असतं.

रातकिडा:
+१. कथेत तर पुढे अधिकारी झालेल्या झुशिओच्या हुकमाने गुलाम सोडल्यावर सान्शोची अजूनच भरभराट होते, इथे सुटलेले लोक त्याचा वाडाच पेटवतात. बाकी सिनेमाला नाव त्या राक्षसाचं का, हे मला आजतागायत झेपलेलं नाही.

चहाबाज:
आईला दिसायला लागतं हे माहीतच नव्हतं, थँक्स ताई. मला सगळ्यात जास्त लागला तो सीन म्हणजे झुशिओ पळून जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या कपाळावर डाग देतो तो, सान्शोचा स्वतःचा मुलगा ते करायला नकार देऊन घर सोडून गेला आणि हा सज्जन बापाचा पोरगा गपचूप देतो. तेव्हापासून मला त्याचा रागच येत होता, आणि मग रानात फांदी मोडताना दोघं लहानपणीसारखे धडपडतात, आईची हाक ऐकू येते, तिथे गेला सगळा राग.